लष्करी शिलकीतली ‘रिमॅन्युफॅक्चर्ड’ काडतुसे: ओळखायची कशी, घ्यायची की नाही?

ओहायोकर (धागाकर्ता)

नमस्कार. मी अमेरिकी नागरिक असून बरीच वर्षे ओहायो राज्यात राहतो. गेल्या वर्षी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, म्हणजे सीएमपी, या संस्थेकडून एम-१ गारंड ही दुसऱ्या महायुद्धातील रायफल रीतसर घेतली. इतके दिवस दुकानातील नवी काडतुसे वापरत होतो, परंतु महिन्याला दोनदा रेंजवर जायचे म्हटले की तो खर्च जड जातो.

मागच्या रविवारी येथील एका शस्त्रप्रदर्शनात एका विक्रेत्याकडे हिरवा पत्र्याचा डबा मिळाला. त्यावर चिकटवलेल्या कागदावर ‘मिलिटरी सरप्लस, रिमॅन्युफॅक्चर्ड, .३०-०६, एम-२ बॉल’ एवढेच छापलेले होते (.३०-०६ हे काडतुसाचे माप, एम-२ बॉल हा अमेरिकी लष्कराच्या नेहमीच्या काडतुसाचा प्रकार). आत आठ-आठच्या क्लिपमध्ये बसवलेली १९२ काडतुसे होती, आणि भाव नव्या मालाच्या जवळजवळ निम्मा होता. मी डबा घेतला, पण घरी येऊन पाहिल्यावर मनात शंका आली, कारण काडतुसांच्या बुडावरचे शिक्के एकसारखे नाहीत. काहींवर एलसी ६७, काहींवर टीडब्ल्यू ५४, काहींवर एचएक्सपी ७४ आणि निदान बारांवर एसएल ४३ असा शिक्का आहे. १९४३ सालची काडतुसे नळी गंजवतात असे ऐकले आहे. डबा वापरावा की नाही, आणि असा माल पुढे घ्यायचा झाल्यास काय पाहून घ्यावा, हे जाणकारांनी सांगावे.

भरणीकार

ओहायोकर, सर्वप्रथम एक विनंती. या धाग्यावर चार मते येईपर्यंत त्या डब्यातील एकही काडतूस रायफलीत घालू नका.

मी टेक्सासमध्ये स्वतःच्या रायफलींसाठी स्वतः काडतुसे भरतो. त्या अनुभवावरून सांगतो की ‘मिलिटरी सरप्लस’ आणि ‘रिमॅन्युफॅक्चर्ड’ हे दोन शब्द एकाच चिठ्ठीवर आले की खरेदीदाराने तिथेच थांबायला हवे, कारण ते एकमेकांना छेद देतात. सरप्लस म्हणजे लष्करासाठी कारखान्यात भरलेले, लष्कराच्या कोठारात राहिलेले आणि पुढे नागरी बाजारात आलेले काडतूस. त्याला मधल्या काळात कोणी हात लावलेला नसतो. रिमॅन्युफॅक्चर्ड म्हणजे एकदा उडवलेली पुंगळी उचलून, साच्यातून पुन्हा मापात आणून, तिच्यात नवा प्रायमर (ठोका बसताच पेटून दारू पेटवणारी बुडातली टोपी), नवी दारू आणि नवी गोळी बसवलेली. यांच्या मधोमध एक तिसरा प्रकार आहे, त्याला इथे ‘पुलडाउन’ म्हणतात. लष्कराने बाद ठरवलेली काडतुसे उकलून त्यांतील गोळ्या, दारू आणि प्रायमर लावलेल्या पुंगळ्या सुट्या विकल्या जातात आणि कोणीतरी त्या पुन्हा एकत्र जुळवतो. विक्रेते यांपैकी शेवटच्या दोन्ही प्रकारांना बिनदिक्कत ‘सरप्लस’ म्हणतात, आणि पितळ लष्करी आहे एवढ्यापुरते ते खोटेही नसते.

आता आपल्या डब्याविषयी. एलसी म्हणजे मिसूरी राज्यातील लेक सिटी, टीडब्ल्यू म्हणजे मिनेसोटातील ट्विन सिटीज, एसएल म्हणजे सेंट लुईस, आणि एचएक्सपी हा ग्रीसचा शिक्का. सीएमपीने गारंडधारकांना अनेक वर्षे विकलेली ग्रीक काडतुसे हीच. आकडे सालाचे आहेत. तीन अमेरिकी कारखाने आणि एक ग्रीक, सालांत तीन दशकांचे अंतर, आणि सगळे एका डब्यात, इतकेच नव्हे तर एकाच क्लिपमध्ये! कोणत्याही लष्कराने असा डबा कधी भरलेला नाही. रेंजवर पडलेल्या पुंगळ्या वेचून हा डबा तयार झाला आहे, हे मी तुमच्या वर्णनावरूनच सांगू शकतो.

खात्री करायची असेल तर पुढील गोष्टी चांगल्या उजेडात, भिंगाखाली पाहा. लष्करी पुंगळीच्या मानेवर आणि खांद्यावर तापवल्याचा निळसर-तपकिरी डाग असतो. नागरी मालावरून तो घासून काढतात, लष्करी मालावर मुद्दाम ठेवतात. पुन्हा भरण्यापूर्वी पितळ यंत्रात घुसळून चकचकीत केल्यामुळे हा डाग बहुधा फिका पडतो किंवा नाहीसा होतो. म्हणून १९४३ चा शिक्का असलेले पितळ कालच घासलेल्या समईसारखे लखलखत असेल तर त्या लखलखाटावर खूश होण्याचे काहीच कारण नाही. दुसरी खूण प्रायमरभोवतीची. लष्करी कारखान्यात प्रायमर बसवल्यावर भोवतीचे पितळ दाबून त्याला जखडतात आणि सांध्यावर रंगीत लाख लावतात. पुन्हा भरताना ही जखडण काढून टाकावी लागते, त्यामुळे खोबणीची कड गोलसर किंवा कापल्यासारखी दिसते आणि लाख गायब असते. तिसरी खूण बुडाच्या कडेवरची. पहिल्या वेळी उडवताना रायफलीच्या आकड्याने आणि उत्सर्जकाने, म्हणजे पुंगळी ओढून बाहेर फेकणाऱ्या भागांनी, पाडलेले ओरखडे धुऊन, घासूनही जात नाहीत.

ओहायोकर

सविस्तर उत्तराबद्दल आभार. भिंगाखाली पाहिले. एसएल ४३ ची सर्व बारा काडतुसे अगदी लखलखीत आहेत, लाख कुठेही नाही, आणि बुडाच्या कडेवर ओरखडे आहेत. एचएक्सपीच्या काहींवर मानेचा डाग पुसट दिसतो. मग ही १९४३ ची काडतुसे नळी गंजवणारी समजायची की नाही?

खडकीवाला

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालो आहे. अमेरिकेच्या बाजाराची मला माहिती नाही, परंतु पुंगळी कशी जन्मते हे पुष्कळ पाहिले आहे, म्हणून या प्रश्नापुरते लिहितो.

बुडावरचा शिक्का पुंगळी तयार होताना ठोकला जातो. पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी चारही एकाच कारखान्यात एकाच सुमारास एकत्र आलेली असतील, तरच त्या सालावरून प्रायमरबद्दल अनुमान काढता येते. पुन्हा भरलेल्या काडतुसात ते साल फक्त पितळाचे वय सांगते. तेव्हा आपल्या बारा काडतुसांत बहुधा आजचाच प्रायमर असेल आणि तो गंजवणारा नसेल. मात्र ‘बहुधा’ या शब्दावर माझा भर आहे, कारण पुलडाउन मालात जुने प्रायमर लावलेली पुंगळी तशीच वापरलेली असू शकते, आणि तसे असेल तर प्रायमरही पितळाइतकाच जुना ठरतो.

गंजाचे कारण समजून घेतले तर धास्ती कमी होते. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे, आणि ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच सख्खा भाऊ, नळीत उरतो. हे मीठ हवेतील ओलावा ओढून घेते आणि त्या ओलाव्याने पोलाद गंजते. कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीखालचा पत्रा पाहिला आहे ना, तोच प्रकार. मीठ तेलात विरघळत नाही, त्यामुळे नुसते तेल फिरवून उपयोग नाही. ते पाण्यात विरघळते. गरम पाण्याने नळी, बोल्टचे (काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्याचे) तोंड आणि आपल्या रायफलीत असलेला गॅसचा भाग धुवावा, पूर्ण कोरडा करावा आणि मगच तेल लावावे. शंका असेल तर प्रत्येक वेळी असेच करावे, म्हणजे वादच उरत नाही.

अमोनियायुक्त काचसफाईचे द्रावण या कामी हवेच, असा एक समज इकडच्या नेमबाजांतही ऐकला आहे. त्यात काम करते ते पाणीच. उलट अमोनिया पितळाचा वैरी आहे, आणि याचा इतिहास आपल्याच देशातला आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि ती आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पुंगळी ओढताना पितळात राहिलेला ताण यांचा तो संयुक्त परिणाम होता, हा उलगडा १९२१ साली झाला. मानेवर तापवल्याचा जो डाग भरणीकार यांनी सांगितला, तो हाच ताण घालवण्याची खूण आहे. पुंगळ्या चमकवण्यासाठी कोणी अमोनियाचे पॉलिश वापरले असेल, तर त्या लखलखाटाखाली सूक्ष्म तडे असू शकतात. ते भिंगाखाली दिसतीलच असे नाही.

चापाशी_बोट

धाग्यात थोडी अधिक भीती घातली जात आहे असे मला वाटते. मी दोन वर्षे रिमॅन्युफॅक्चर्ड .३०८ काडतुसे वापरत आहे, शेकडो उडवली आहेत आणि एकही तक्रार नाही. खोक्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. निम्म्या खर्चात सराव होत असेल तर केवळ शब्दाला बिचकून तो का सोडावा?

भरणीकार

आपला मुद्दा रास्त आहे आणि त्यातच उत्तरही आहे. आपल्या खोक्यावर नाव, पत्ता आणि लॉट आहे. विक्रीसाठी काडतुसे तयार करणाऱ्याला अमेरिकेत संघीय परवाना लागतो, त्याला टाइप ०६ म्हणतात, आणि पुन्हा भरून विकणेही त्यात मोडते. ज्याचे नाव खोक्यावर आहे त्याला एखादा लॉट परत मागवता येतो आणि त्याच्यावर दावाही लावता येतो. ओहायोकर यांच्या डब्यावर नुसता कागद आहे. उद्या काही फाटले तर ते कोणाचे दार ठोठावणार?

आपली रायफल कोणत्या जातीची आहे ते आपण लिहिलेले नाही. बोल्ट हाताने मागेपुढे करण्याची असेल, तर आपला अनुभव गारंडला लागू होत नाही. गारंडची फायरिंग पिन स्प्रिंगने मागे धरलेली नसते, ती मोकळी असते. बोल्ट वेगाने पुढे आपटला की ती पिन स्वतःच्या वजनाने प्रायमरला हलकी टिचकी मारते. गारंडमधून न उडवता काढलेल्या काडतुसाच्या प्रायमरवर बारीक खळगा दिसतो तो यामुळेच, आणि तो नेहमीचाच आहे. लष्करी प्रायमर मुद्दाम कमी संवेदनशील बनवलेले असल्याने ही टिचकी ते पचवतात. भरणाऱ्याने मऊ नागरी प्रायमर वापरला असेल, किंवा प्रायमर खोबणीत पूर्ण न बसता बुडाच्या पातळीच्या वर राहिला असेल, तर चापाला बोट न लावता बार उडू शकतो, आणि तोही बोल्ट पुरता कुलूपबंद होण्याआधी. म्हणून प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवून पाहावे, प्रायमर किंचित आत लागला पाहिजे. एकही वर लागला तर मी सगळा लॉट नाकारतो.

दुसरी अडचण दारूची. गारंड नळीतून थोडा गॅस बाहेर काढून त्याच्या जोरावर पुढचे काडतूस चढवते, आणि ती यंत्रणा १५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळी-दारू तोलण्याचे छोटे एकक) आसपासच्या गोळीसाठी व त्या काळच्या मध्यम वेगाने जळणाऱ्या दारूसाठी आखलेली आहे. जड गोळी आणि सावकाश जळणारी दारू घातली की गॅसच्या छिद्रापाशी दाब वाढतो आणि बोल्टला मागे ढकलणारा लांबलचक ऑपरेटिंग रॉड वाकतो. ती गोळी नळीतून सुखरूप बाहेर पडते, त्यामुळे आपल्याला काही कळत नाही आणि रॉड मात्र हळूहळू निकामी होत राहतो. चिठ्ठीवरच्या ‘एम-२ बॉल’ या शब्दांवर विसंबता येत नाही, कारण आत कोणती दारू आहे हे काडतूस उकलल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट आपल्या .३०८ साठीही महत्त्वाची आहे, चापाशी_बोट. लेक सिटीच्या ७.६२ (म्हणजे .३०८ च्या लष्करी भावंडाच्या) पुंगळ्यांपैकी पुष्कळ मशीनगनमधून उडवलेल्या असतात. मशीनगनचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, ऐसपैस असते, त्यामुळे पुंगळी बुडाच्या वर ताणली जाते. साच्यातून काढल्यावर ती मापात येते, पण आतून पितळ पातळ झालेले असते, आणि पुढच्या वेळी तिथूनच बूड तुटून वेगळे होते. उडवलेल्या रिकाम्या पुंगळीत टोक वाकवलेली तार घालून आतून ओढली, की बुडाच्या थोडे वर ती अडकते आणि पातळ झालेला कडा जाणवतो. बाहेरून त्याच जागी चकचकीत वलय दिसले तर ती पुंगळी मोडीत. शिवाय लष्करी पुंगळी जाड भिंतीची असल्यामुळे आतली जागा कमी असते. नागरी पुंगळीच्या मापाने दारू भरली तर दाब वाढतो. सरमिसळ पुंगळ्यांत एकाच मापाची दारू घालणे म्हणजे पातेली वेगवेगळी आणि पाणी मात्र सगळ्यांत एकच वाटी.

बे_एरियातली_सई

विषय थोडा वेगळा, पण याच खरेदीशी निगडित आहे. माझे पती एच-१बी व्हिसावर आहेत. त्यांचे सहकारी त्यांना रेंजवर नेतात आणि ‘काडतुसे तू आण, बंदूक माझी’ असे म्हणतात. यात काही अडचण आहे का?

कलमबहाद्दर

सईताई, अडचण मोठी आहे, आणि हे आपल्या लोकांना फार कमी ठाऊक असते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात, १८ यूएससी ९२२(जी) या कलमाखाली, नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूकच नव्हे तर काडतूसही बाळगण्याची मनाई आहे. एच-१बी, एफ-१ आणि पर्यटक व्हिसा यांत येतात. वैध शिकारी परवाना असणे हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू नाही. शस्त्रविषयक गुन्ह्यातील दोषसिद्धी हे देशाबाहेर काढण्याचेही कारण ठरते, त्यामुळे दंडापलीकडचा धोका आहे. राज्यांचे नियम त्याहून वेगळे असतात. आपल्या कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून काडतूस विकत घेतानाही पार्श्वभूमी तपासणीची अट आली. पतीने आधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारावे, रेंजवरच्या मित्राला नव्हे.

जाता जाता दुसरे. सुट्टीत भारतात येताना रेंजची पिशवी सामानासाठी वापरू नका. एखादे विसरलेले काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणात दिसले की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता हा बचाव आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली संजय दत्त प्रकरणात तो सिद्धान्त मांडला आहे, पण तो बचाव मांडेपर्यंत सुट्टी संपलेली असते. आठवण म्हणून रिकामी पुंगळीसुद्धा आणू नये.

मेलबर्नकर

माझ्याकडे परवान्यावर बंगालमधील इशापूर कारखान्याची १९४२ सालची ली-एनफिल्ड ही ब्रिटिश बनावटीच्या नमुन्याची रायफल आहे. क्लबातील एक वृद्ध सदस्य केएफ शिक्क्याची .३०३ काडतुसे देऊ करत आहेत. खडकीवाला काका, हा आपलाच शिक्का ना?

खडकीवाला

होय, के आणि एफ म्हणजे किर्की फॅक्टरी. खडकीचा कारखाना १८६९ चा, त्यामुळे हा शिक्का जगभर सापडतो. वरणगावच्या ७.६२ वर ओएफव्ही असतो, आणि तो कारखानाही आपल्या जळगाव जिल्ह्यातलाच. शिक्का ओळखीचा दिसला म्हणून मात्र हळवे होऊ नका. जुने .३०३ असेल तर प्रायमर गंजवणारा आहे असे धरूनच चाला. शिक्क्यात सात आकड्याजवळ झेड अक्षर असेल तर आत नायट्रोसेल्युलोजची दारू, नसेल तर बहुधा कॉर्डाइट या जुन्या दारूच्या काड्या. काडतुसांच्या मानेवर उभा तडा आहे का ते पाहा. हिरवा थर चढलेली बाजूला काढा. उडवताना ‘टक्’ झाले आणि बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा आणि मगच बोल्ट उघडा. जुन्या दारूत बार उशिरा होणे ही कल्पित गोष्ट नाही. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, तर पुढचे काडतूस घालण्याआधी नळीत गोळी अडकली आहे का ते पाहिल्यावाचून राहू नका.

ओहायोकर

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवतो.

डबा घेऊन आमच्या क्लबातील एका अनुभवी भरणीकाराकडे गेलो. त्यांनी आधी लोहचुंबक लावले. सात गोळ्यांना ते चिकटले, म्हणजे त्यांच्या आवरणात किंवा गाभ्यात पोलाद आहे, आणि आमच्या बंदिस्त रेंजवर तशा गोळ्यांना बंदी आहे. त्यांपैकी दोघांच्या टोकावर काळ्या रंगाचा अंश होता. तो चिलखतभेदी गोळीचा रंग आहे आणि कोणीतरी तो घासायचा प्रयत्न केला होता. बोट फिरवल्यावर चार प्रायमर वर लागले. मग त्यांनी दहा काडतुसे उकलली. दारू दोन वेगवेगळ्या रूपांची निघाली, काहींत बारीक नळकांड्या आणि काहींत गोल दाणे, आणि एकाच शिक्क्याच्या पुंगळ्यांतही दारूच्या वजनात अडीच ग्रेनपर्यंत फरक होता. पूर्ण काडतूस तोलून हे का कळत नाही, असे मी विचारले. पुंगळ्यांच्या वजनातील फरकच दारूच्या फरकाहून मोठा असतो, असे ते म्हणाले.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला की माल ‘कोणाकडून तरी’ आला होता, आणि पैसे परत देण्यास त्याने नकार दिला. उरलेली काडतुसे क्लबने उकलण्यासाठी ठेवून घेतली आहेत. गोळ्या आणि चांगले पितळ मला परत मिळेल, दारू ते नष्ट करतील. तोपर्यंत गारंडसाठी म्हणून खोक्यावर तसे छापलेली प्रवी पार्टिझान या सर्बियन कंपनीची नवी काडतुसे मागवली आहेत. निम्म्या भावात घेतलेला डबा आणि ही नवी काडतुसे मिळून खर्च दीडपट झाला, हे पत्नीला अजून सांगितलेले नाही.

खडकीवाला काका, एक शेवटचा प्रश्न. परत आलेल्या पितळात त्या बारा एसएल ४३ पुंगळ्या असतील. त्या तापवून पुन्हा वापरता येतील का?

खडकीवाला

नाही. मान तापवून मऊ करता येते, पण बूड तापवले की ते दाब धरत नाही, आणि ऐंशी वर्षांत त्या पितळावर काय काय गेले आहे हे आपल्याला ठाऊक नाही. मोडीत घाला.